दरवाजे मोजले होते, तरी ३२,९८९ रुपये गेले

आधीच सांगतो, मी अडाणी नाही. चिंचवडला एका कंपनीत क्वालिटीला आहे, रोज हातात व्हर्नियर असतो, एक दशांश मिलिमीटर जास्त असला तरी माल परत पाठवतो आणि सप्लायरच्या शिव्या खातो. असा माणूस ऑनलाइन खरेदीत फसला. त्यामुळे "आपण नाही बुवा फसणार" असं ज्यांना वाटतंय त्यांनी तर नक्कीच वाचा. लिहायला लाज वाटतेय, तीन महिने फक्त घरच्यांना माहीत होतं, पण परवा जे झालं त्यानंतर गप्प बसवेना.

मला स्टेशन वॅगनचा नाद आहे. म्हणजे खऱ्या नाही, प्लास्टिकच्या किट, सुटे भाग जोडून बनवायच्या, १/२५ आणि १/२४, म्हणजे खऱ्या गाडीच्या पंचविसाव्या किंवा चोविसाव्या हिश्शाच्या. लोक फेरारी बनवतात, रणगाडे बनवतात, मला लांब छताच्या, मागे मोठी काच असलेल्या गाड्या आवडतात. त्याचं कारण घरातलंच आहे. वडील टेल्कोत, म्हणजे आताच्या टाटा मोटर्समध्ये होते, १९९२ ला टाटा इस्टेट ही वॅगन आली तेव्हा मी आठवीत होतो, आमच्या शेजारच्या साहेबांकडे ती आली आणि आम्ही कॉलनीतली चार पोरं मागच्या डिकीत पाय दुमडून बसून निगडीपर्यंत जाऊन आलो. १९४८ सीसी डिझेल, खिडक्या बटणावर खाली जायच्या, आम्ही त्या इतक्या वेळा खालीवर केल्या की साहेबांनी शेवटी ओरडून हात मागे घ्यायला लावले. त्या गाडीची किट बाजारात कुठल्या बड्या कंपनीची मिळत नाही. हे लक्षात ठेवा, कारण गळाला आमिष हेच लावलं होतं.

एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मला फसवणारा हा माणूस होता. नाव लिहीत नाही, खरं असेल असं वाटतही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मी त्याच्याकडून १,१५० रुपयांची चाकं आणि लाकडी पट्ट्यांचं डेकल (मॉडेलवर चिकटवायचं छापील चित्र) मागवलं. पाच दिवसांत आलं, पॅकिंग तर असं की दोन बोटांएवढा बबलरॅप. मी ग्रुपवर अंगठे दिले, "भाऊ विश्वासू आहे" असं लिहिलं. तो मेसेज आठवला की आजही कानशिलं गरम होतात, कारण माझ्या त्या एका ओळीवर अजून किती जणांनी पैसे टाकले असतील देव जाणे. ते १,१५० त्याने पेरले होते हो. पहिला व्यवहार सुरळीत झाला म्हणजे काहीही सिद्ध होत नाही.

आणि माणूस बोलायला काय! फोर्डच्या कंट्री स्क्वायरला बाजूला लाकडाचा भास असतो तो कसा काढायचा, यावर आम्ही एका रात्री साडेबारापर्यंत बोललो. आधी फिकट तपकिरी बेस, तो पूर्ण वाळू द्यायचा, मग बर्न्ट अंबर ऑइल कलर अगदी किंचित घेऊन कोरड्या, कडक ब्रशने एकाच दिशेने ओढायचा, मध्येच हात थोडा हलवायचा म्हणजे गाठ पडल्यासारखी दिसते, आठवडाभर हात लावायचा नाही आणि मग वरून टामिया कंपनीचा क्लिअर ऑरेंज रंग. मी हे करून बघितलं, एक नंबर आलं. आता सांगा, रात्री बारा वाजता तुम्हाला ब्रश कसा ओढायचा ते समजावणारा माणूस चोर असेल असं वाटेल का? मला नाही वाटलं. नंतर कळलं की ही युक्ती व्हिडिओ बघणाऱ्या पोराटोरांनाही माहिती आहे.

ऑक्टोबरात त्याने ऑफर टाकली. सिंगापूरच्या मित्राकडून लॉट येतोय, त्यात रेव्हेल कंपनीची १९५७ च्या फोर्ड डेल रिओ रँच वॅगनची किट ४,८०० ला, एएमटी कंपनीची १९६३ च्या नोव्हा वॅगनची ५,२०० ला, आणि, इथे माझं डोकं बंद पडलं, टाटा इस्टेटची रेझिन बॉडी, १/२४, कोणीतरी हाताने मूळ नमुना करून त्यावरून फक्त दहा नग ओतलेत, ९,५००. एकूण १९,५००. निम्मे आधी, निम्मे पाठवताना.

मी थोडा तरी शहाणपणा दाखवला. म्हणलं फोटो पाठवा. इस्टेटचा एकच आला, प्रायमर मारलेली करडी बॉडी, तीही मागून, अर्धवट अंधारात. आणि डेल रिओचा त्याने स्वतः बनवलेल्या गाडीचा पाठवला, पांढरी आणि फिकट निळी, क्रोमच्या पट्टीवर फॉइल असं घोटून बसवलेलं की जोड दिसत नाही.

आता नीट ऐका. डेल रिओ ही दोन दरवाजांची गाडी. ५७ सालात फोर्डच्या वॅगनमध्ये रँच वॅगन आणि डेल रिओ दोन दरवाजांच्या, कंट्री सेडान आणि कंट्री स्क्वायर चार दरवाजांच्या. वॅगनच्या नादी लागलेल्या कुणालाही झोपेतून उठवून विचारा. आणि फोटोतल्या गाडीला चार दरवाजे होते. मला दिसले. दिसले नाहीत असं नाही, मी फोटो दोन बोटांनी मोठा केला, मधला खांब बघितला, मागच्या दाराचं हँडल बघितलं, मनात म्हणलं ही तर कंट्री सेडान आहे. माझ्या आयुष्याचा धंदाच हा आहे, ड्रॉइंग एक आणि पार्ट दुसरा दिसला की लाल टॅग लावायचा. आणि मी काय केलं? मी त्याला लिहिलं, "वा भाऊ, चार दरवाज्यांचं कन्व्हर्जन केलंत का? कमाल आहे!"

त्याचं उत्तर आलं, "हो दादा, खूप मेहनत लागली."

म्हणजे उत्तर मीच त्याच्या तोंडात घातलं. तो बिचारा डेल रिओ आणि कंट्री सेडान यातला फरक जाणतही नसेल, कुठून तरी फोटो उचलला आणि मी त्याला वर शाबासकी दिली. याचा राग पैशापेक्षा जास्त येतो. फोटो मागितला तर नुसता फोटो नको, आजच्या तारखेची चिठ्ठी बॉक्सवर ठेवून व्हिडिओ मागा, आणि स्प्रू, म्हणजे सुटे भाग जोडलेली प्लास्टिकची चौकट, पिशवीतून बाहेर काढून दाखव म्हणा. आणि शंका आली तर तिचं उत्तर स्वतः देऊ नका, त्याला देऊ द्या.

१४ ऑक्टोबरला ९,७५० पाठवले. यूपीआयवर नाव बाईचं आलं. विचारलं तर म्हणाला वहिनीचं खातं आहे, माझ्या खात्याची लिमिट संपली. हे ऐकून तुम्ही हसणार, हसा. २१ तारखेला उरलेले ९,७५० आणि कुरियरचे ६५०. वर म्हणाला तुम्ही जुने कस्टमर म्हणून टामियाचा टीएस हा रंगाचा स्प्रे फुकट टाकतोय, विमानाने चार दिवसांत येईल. स्प्रे कॅन! विमानाने! दाबाखालचा ज्वालाग्राही डबा साध्या कुरियरने विमानात कोण घेतो? हेही मला माहिती होतं. पण फुकट मिळतंय म्हणल्यावर कोण विचार करतो.

मग २५ तारखेला फोन, पार्सल कस्टममध्ये अडकलं. इथे मी स्वतःची बाजू मांडतो, कारण बायकोपासून सगळे म्हणतात हे तर उघडच होतं. उघड नव्हतं. आपल्याकडे खेळण्यांवरची ड्युटी फेब्रुवारी २०२० ला २० टक्क्यांवरून ६० केली, २०२३ ला ७० केली, जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा झाला, त्यामुळे या छंदातल्या लोकांना पार्सल अडकणं नवीन नाही. आमच्यातल्या निम्म्या गप्पा अडकलेल्या पार्सलच्याच असतात. त्याने ७,८४० मागितले आणि ११,२०० चं इनव्हॉइस पाठवलं. मी कॅल्क्युलेटर काढला. ११,२०० चे ७० टक्के, बरोबर ७,८४०. हिशोब जुळला म्हणून मी खूश! पण ड्युटीवर आयजीएसटी वेगळा लागतो, तो कुठे होता? आणि सरकारची ड्युटी वहिनीच्या यूपीआयवर जाते होय? मी आकडा तपासला, पैसे कुणाला जातायत ते नाही तपासलं. ड्युटी भरायची तर कुरियर कंपनीकडे किंवा पोस्टात, पावती घेऊन. विकणाऱ्याला कधीच नाही.

२८ ला "रिफंडेबल इन्शुरन्स" ४,९९९. का भरले? आधीचे २७,९९० वाचवायला. रिफंडेबल हा शब्द आला की फोन ठेवायचा, मला आता कळलंय. एकूण ३२,९८९. २९ ला त्याने ब्लॉक केलं.

यापुढचं तर त्याहून भारी. बँकेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या ब्रँचमध्ये नाही होत, कस्टमर केअरला फोन करा. कस्टमर केअर म्हणे ब्रँचमध्ये अर्ज द्या. परत ब्रँच, फॉर्म भरला, अकरा दिवसांनी मेल आला की व्यवहार तुम्ही स्वतः पिन टाकून केलाय त्यामुळे बँकेची जबाबदारी नाही. अरे पिन मीच टाकला हे मीच अर्जात लिहिलंय! समोरच्याच्या खात्यावर होल्ड लावा एवढंच म्हणत होतो. नियम काय आहे तो मी नंतर वाचला, परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारात ग्राहकाला संरक्षण आहे, स्वतः पाठवलेल्यात तेव्हा तसं नव्हतं. ठीक आहे, मान्य. पण हे पहिल्या दिवशी दोन मिनिटांत सांगता आलं असतं, आणि सोबत "आत्ताच्या आत्ता १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा" हे सांगता आलं असतं. ते कुणीच सांगितलं नाही. मला ते चौथ्या दिवशी भाच्याने सांगितलं, तोवर पैसे त्या खात्यातून पुढच्या, पुढच्यातून अजून पुढच्या खात्यात गेलेले. पैसे गेल्याचं कळलं की आधी १९३०, मग रडणं. यूटीआर नंबरचे (व्यवहाराच्या क्रमांकाचे) स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, आणि चॅट डिलीट करू नका, मी रागाच्या भरात अर्धं केलं.

पोलीस स्टेशनला गेलो, शनिवार होता. दीड तास बाकावर. मग ड्युटीवरच्या हवालदारांनी विचारलं काय झालं. म्हणलं साहेब फोर्ड गाडी, १९५७ ची, पैसे घेतले आणि गाडी दिली नाही. त्यांनी लगेच रजिस्टर ओढलं, आवाजात एकदम आदर आला. "विंटेज? आरसी बुक आणलंय का?" मी म्हणलं साहेब, किट आहे, प्लास्टिकची, एवढी, आणि हाताने दाखवलं. त्यांनी रजिस्टर मिटलं. "खेळण्यातली गाडी होय?" मागे दोघं जण हसले. मी सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर केस उरले नाहीत, आणि तिथे उभा राहून समजावतोय की साहेब खेळणं नाही, स्केल मॉडेल आहे.

त्यानंतर सायबरकडे जा. सायबर म्हणे रक्कम लहान आहे, तुमच्या हद्दीतच द्या. हद्दीवाले म्हणे ही तर सिव्हिल मॅटर, माल उशिरा येतोय, थांबा थोडं. एक महिना झाला हो माल उशिरा यायला! फसवणुकीचं कलम चारशेवीस होतं ते आता तीनशेअठरा झालं, कायद्याचं पुस्तक बदललं, पण बाकावर बसायचा वेळ तेवढाच. चार हाफ डे गेले माझे. शेवटी सायबर क्राइमच्या पोर्टलवर ऑनलाइन तक्रार केली तिचा नंबर मिळाला, तो जपून ठेवलाय, स्टेटस बघतो, "प्रक्रियेत आहे". एका साहेबांनी मात्र नीट वागवलं, पण ते म्हणाले की खातं बाहेरच्या राज्यातल्या एका कॉलेजच्या पोराने हजार दोन हजारांसाठी भाड्याने दिलेलं असणार, त्याला उचलून तुमची गाडी नाही यायची. निदान खरं तरी बोलले.

बायको काही बोलली नाही आधी. दोन दिवसांनी भाजी चिरता चिरता म्हणाली, "अहो, तेहतीस हजारांत माझी सायकल आणि पोरीची दोन टर्मची क्लासची फी झाली असती." मी म्हणलं ३२,९८९. ती म्हणाली, "हो का."

ऑगस्टमध्ये आलेली ती चाकं अजून ड्रॉवरमध्ये आहेत, लाकडी डेकल पण. कुठल्या गाडीला लावू? त्या मापाची गाडीच आली नाही. फेकायला काढली होती, पण हात होत नाही.

परवाचं सांगायचं राहिलं. मित्राने मला दुसऱ्या एका ग्रुपमध्ये घेतलं. तिथे नवीन नंबर, नवीन नाव, आणि तोच फोटो, पांढरी निळी फोर्ड, खाली लिहिलेलं डेल रिओ, चार दरवाजे. शेजारी करडी टाटा इस्टेट, तोच अंधार. फक्त भाव कमी, ८,५००. माझ्याकडून साडेनऊ घेतले होते. मी खाली लिहिलं, "या गाडीचे दरवाजे मोजा." पाच मिनिटांत अ‍ॅडमिनने मलाच काढून टाकलं.