आधी चर्चची वही की आधी जमिनीची फाइल?

नातवाला शाळेत वंशवृक्ष करायला सांगितला होता. आमच्या बाजूचं काम दहा मिनिटांत आटपलं. कुलवृत्तांत कपाटात आहेच, चौदा पिढ्या नुसत्या उतरवून काढायच्या. सुनेच्या बाजूला मात्र तिच्या आजोबांपाशी गाडी अडली. सून मूळची नेब्रास्काची, कस्टर काउंटीतली. तिच्या माहेरी दोनच गोष्टी ठाम सांगतात: खापरपणजोबा मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचे प्रीचर, म्हणजे उपदेशक होते, घोड्यावरून फिरायचे, आणि त्यांचा 'क्लेम' होता, म्हणजे सरकारकडून मिळालेली होमस्टेडची जमीन. नाव माहीत, बायकोचं माहेर माहीत नाही, कुठून आले माहीत नाही.

मी भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेला माणूस. सहा महिने साताऱ्यात आणि सहा महिने ओमाहात मुलाकडे. रिकामपणाचा उद्योग म्हणून हे अंगावर घेतलं. आता आपल्यातल्या बऱ्याच घरांत असे जावई-सुना आहेत आणि ओळखीचे दोघे-तिघे विचारतात की सुरुवात कुठून करावी, चर्चच्या कागदांपासून की जमिनीच्या? दोन्ही करून पाहिलंय म्हणून लिहितो. माझं मत थोडं जमिनीकडे झुकलेलं असणार, हे आधीच सांगतो. चाळीस वर्षं मोजणीत गेलीत.

जनगणनेपासून सुरुवात करू नका असं मी म्हणणार नाही, सगळे तिथूनच करतात. पण १८८० नंतर एकदम १९०० येतं. मधल्या १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनमधल्या आगीत जळाले-भिजले आणि उरलेले पुढे नष्ट केले गेले. पश्चिम नेब्रास्का, डाकोटा भरत होते ती नेमकी हीच वीस वर्षं. नेब्रास्काची १८८५ ची राज्य जनगणना आहे म्हणून थोडा श्वास घेता येतो. तिच्यात आमचे खापरपणजोबा सापडले. धंद्याच्या रकान्यात 'फार्मर'. घरातल्यांना ते मुळीच आवडलं नाही. आमचे ते प्रीचर, फार्मर कसे?

म्हणून मी चर्चकडून सुरुवात केली.

चर्चची बाजू आधी नीट मांडतो, कारण तिच्यात खरोखर गोडी आहे. मेथडिस्ट एपिस्कोपल चर्चचा कारभार म्हणजे आपल्या जिल्हा परिषदेच्या मास्तरांच्या बदल्या. वर्षातून एकदा वार्षिक कॉन्फरन्स, म्हणजे त्या भागातल्या नियमित प्रीचरांची सभा भरायची, शेवटी बिशप उभा राहून नेमणुका वाचायचा: अमुक सर्किटला अमुक, तमुक सर्किटला तमुक. सर्किट म्हणजे एका प्रीचरनं फिरून सांभाळायच्या वस्त्यांचा फेरा. एका जागी किती वर्षं राहायचं याला मर्यादा होती. १८६४ पर्यंत दोन वर्षं, नंतर तीन, १८८८ पासून पाच, आणि १९०० साली ती काढून टाकली. ह्या नेमणुका दरवर्षी छापल्या जात. शिवाय कॉन्फरन्सचा सभासद असलेला प्रीचर वारला की त्याच्यावर इतिवृत्तात पानभर मृत्युलेख येई: जन्म कुठला, मनपालट कधी झाला, लग्न कुणाशी, कुठे कुठे सेवा केली. असा लेख हाती लागला तर तुमचं अर्धं काम एका पानात झालं. काही लेख मी केवळ वाचनाचा आनंद म्हणून वाचले. बर्फात वाट चुकलेले, नदीच्या उतारावर घोडा गमावलेले, पगाराऐवजी मका आणि डुकराचं मांस घेऊन घरी आलेले. न्यू जर्सीतल्या मॅडिसनला ड्रू विद्यापीठात या पंथाचं मोठं अभिलेखागार आहे, कॅन्ससचे कागद बाल्डविन सिटीला बेकर विद्यापीठात. पत्राला उत्तर देणारी माणसं तिथे आहेत, हे आपल्याकडच्या रेकॉर्डरूमच्या मानानं काही कमी नाही.

आणि हे जग आपल्याला तितकं परकंही नाही. विल्यम टेलर नावाचा मेथडिस्ट प्रीचर कॅलिफोर्नियात सोन्यासाठी झुंबड उडाली त्या दिवसांत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर उभा राहून उपदेश करायचा. तोच पुढे १८७१ मध्ये मुंबईत आला आणि तिथल्या मेथडिस्ट मंडळ्या, म्हणजे एकेका चर्चचे समुदाय, त्यानं उभ्या केल्या. हे कळलं तेव्हा सुनेला मी म्हटलं, बघ, तुमची माणसं आमच्याकडे आधी येऊन गेलीत.

आता त्रास. एक अख्खा हिवाळा मी १८८० नंतरची इतिवृत्तं चाळली. पडद्यावर पान उलटायचं, आडनाव शोधायचं, पुढचं पान. नाव म्हणजे दोन आद्याक्षरं आणि आडनाव, पत्नीचा पत्ताच नाही. सर्किटची नावंही गावांची असतील असं नाही; कधी नदीची, कधी काउंटीची, आणि पुढच्या वर्षी दोन सर्किटं जोडून तिसरंच नाव. तरी हे चालवून घेतलं असतं. कस्टर काउंटीच्या भागातली सर्किटं मला पाठ झाली होती. आणि नेमकं त्यांच्यासमोर, वर्षामागून वर्ष, एकच शेरा: 'टु बी सप्लाइड'.

म्हणजे आपल्या सरकारी भाषेत पद रिक्त, पर्यायी व्यवस्था करण्यात येईल. बिशपकडे नियमित माणूस नाही, म्हणून तिथला मुख्य पाळक कुणातरी स्थानिक माणसाला घोड्यावर बसवणार. हा स्थानिक माणूस म्हणजे 'लोकल प्रीचर'. त्याला उपदेशाचा परवाना असे, पण तो द्यायची तिथलीच तिमाही सभा. त्याची नोंद त्या सभेच्या वहीत. तो कॉन्फरन्सचा सभासद नाही, म्हणून नेमणुकांच्या यादीत नाव नाही, मेल्यावर मृत्युलेखही नाही. सीमेवरच्या, म्हणजे पश्चिमेला नव्यानं वसणाऱ्या वस्त्यांत रविवारचं बरंच ओझं अशाच माणसांनी वाहिलं आणि छापील पुस्तकात त्यांच्या जागी तीन शब्द उरले.

मग ती तिमाही वही कुठे असेल? स्थानिक चर्चमध्ये. ते चर्च शेजारच्या चर्चमध्ये विलीन झालं, १९३९ ला पंथांचं एकत्रीकरण झालं, १९६८ ला पुन्हा झालं, गावं ओस पडली. मी एका मंडळीला लिहिलं, तिनं दुसरीचं नाव दिलं, दुसरीनं सांगितलं की जुनी कपाटं तळघरात होती आणि तळघरात एकदा पाणी शिरलं. कुणाचाच दोष नाही. पण चार महिन्यांनंतर माझ्या वहीत एकही नवं नाव नव्हतं. तुमचा प्रीचर रीतसर नेमलेला असेल तर तुम्हाला हा अनुभव येणार नाही, हे प्रामाणिकपणे सांगतो. माझा नव्हता, आणि सीमेवरचे किती होते याचा अंदाज त्या रिक्त पदांवरून तुम्हीच करा.

जमिनीकडे मी वैतागून वळलो. होमस्टेडचा कायदा थोडक्यात असा: लिंकननं १८६२ मध्ये सही केली, १८६३ च्या १ जानेवारीपासून अंमल, १६० एकर, पाच वर्षं राहून कसायची, आणि सगळी फी मिळून १८ डॉलर. ज्या जमिनीवर हे सगळं झालं ती 'मोकळी' म्हणून नोंदली होती. तिथल्या पॉनी लोकांना १८७० च्या दशकात आजच्या ओक्लाहोमाकडे जावं लागलं, हे त्या फॉर्ममध्ये कुठे येत नाही. नातवाच्या तक्त्यावर आम्ही ती ओळ घातली.

सरकारी भूमी विभागाच्या संकेतस्थळावर सनदा फुकट शोधता येतात. नाव आणि काउंटी टाकली की सनद समोर. घरातले सांगत होते त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही आहे. तशी ती आहे, पण १८३३ पासून सह्या करायला चिटणीस नेमलेला असायचा. सनदेत विशेष काही नसतं. खरा उपयोग तिच्यावरच्या क्रमांकाचा आणि जमिनीच्या वर्णनाचा. त्या क्रमांकावर वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातून मूळ फाइल मागवता येते. नेब्रास्काच्या फाइली तर स्कॅन झालेल्या आहेत आणि बीॲट्रिसच्या होमस्टेड राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यानात बसून पाहता येतात. पहिल्या दिवशीच अर्ज करणाऱ्या डॅनियल फ्रीमनच्या शेतावरच ते उद्यान आहे.

वर्णन वाचून माझा जीव निवला. सहा मैल लांब-रुंद टाउनशिप, तिचे छत्तीस सेक्शन, सेक्शनचा चौथा हिस्सा म्हणजे क्वार्टर सेक्शन, तेच १६० एकर. आकडे ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरू होतात, पश्चिमेला जातात, खालच्या ओळीत उलटे फिरून पूर्वेला. बैल तास संपला की वळतो तसे. त्यांची मोजणीची साखळी ६६ फुटांची, आपली ३३ ची. त्यांच्या एका चौरस साखळीत आपले बरोबर चार गुंठे बसतात. ओमाहात बसून मी हे सुनेला कागदावर काढून दाखवलं, तिनं सौजन्यानं पाहिलं.

फाइल म्हणजे सातबारा, पीकपाहणी आणि पंचनामा एकाच बासनात. पाच वर्षं झाली की दावेदारानं येऊन जबानी द्यायची, त्याआधी वर्तमानपत्रात जाहिरात, चार शेजाऱ्यांची नावं, त्यातल्या दोघांची वेगळी जबानी. प्रश्न छापील, उत्तरं शाईनं. घर कधी बांधलं? १६ बाय २४ चं सॉड हाउस, म्हणजे गवताच्या मुळांसकट कापलेल्या ढेकळांच्या भिंती, एक दार, दोन खिडक्या. विहीर. ३५ एकर नांगरट, पाच हंगाम मका. कुटुंबात कोण? बायको आणि चार मुलं.

त्याच्यापुढचा प्रश्न असा: वस्ती केल्यापासून जमीन सोडून किती काळ आणि कशासाठी बाहेर होतात?

तिथं उत्तर दोन ओळींत मावलेलं नाही, कडेला उभं लिहून पुरं केलंय. बहुतेक शनिवार-रविवार उपदेशासाठी बाहेर. एका हिवाळ्यात सलग सहा आठवडे. आणि पुढे दोन सर्किटांची नावं. बायको-मुलं पूर्णवेळ जमिनीवरच होती, असं त्यानं निराळं वाक्य घातलंय, कारण राहणं सिद्ध झालं नाही तर दावा जायचा. मी इतिवृत्तं परत उघडली. त्या दोन सर्किटांसमोर त्या वर्षांत 'टु बी सप्लाइड'.

चर्चनं जे नाव लिहिलं नाही ते जमिनीच्या कारकुनानं लिहवून घेतलं. त्याला धर्माशी देणंघेणं नव्हतं, गैरहजेरीचा हिशेब हवा होता. आणि बायको स्वतः काही बोलली नसली तरी पाच वर्षं तिनंच तो क्लेम धरून ठेवला, हेही त्या एका वाक्यात आलं. वर दोन साक्षीदारांपैकी एकानं 'नातं काय' या चौकशीला मेव्हणा असं उत्तर दिलेलं. त्याचं आडनाव म्हणजे तिचं माहेर. त्या आडनावावरून १८८० ची आयोवातली जनगणना सापडली आणि तिथून पुढे गाडी सुटली.

जमिनीचीही गाऱ्हाणी आहेत. संकेतस्थळावर ज्यांना सनद मिळाली तेच दिसतात. कंटाळून, दुष्काळानं, किंवा हक्क दुसऱ्याला विकून निघून गेलेले खूप, त्यांच्यासाठी ट्रॅक्ट बुक नावाच्या नोंदवह्या चाळाव्या लागतात. त्या ऑनलाइन आहेत, पण नावावर नाहीत, जमिनीवर लावलेल्या आहेत. आपल्याला त्याची सवय असते, इतरांना नसते. माणूस युरोपातून आलेला असेल तर फाइलीत नागरिकत्वाचे कागद मिळतात. ओहायो-इंडियानातून आलेला असेल तर मागचं गाव बहुधा कळत नाही. आईचं नाव, बाप्तिस्मा, दफन यातलं काही नाही. त्यासाठी चर्चलाच शरण जावं लागतं. सनद मिळाल्यावर सरकारी फाइल बंद होते, पुढचे खरेदी-विक्रीचे फेरफार काउंटीच्या कचेरीत.

एवढं सगळं धरूनही कुणी घरगुती कारणासाठी विचारलं तर मी सांगतो: तुमचा माणूस कॉन्फरन्सचा पक्का सभासद होता अशी काही खूण हाती असेल, छापील मृत्युलेखाचं कात्रण वगैरे, तर चर्चकडून सुरू करा, कष्ट वाचतील. तशी खूण नसेल तर निदान पहिले दोन महिने जमिनीला द्या. प्रीचर सारखा हलतो, त्याची वही त्याच्यामागे हलते किंवा मागे राहून हरवते. क्वार्टर सेक्शन जागचा हलत नाही. चर्चला पत्र घालायचं तेही जमीन कुठल्या टाउनशिपमध्ये होती ते कळल्यावर घाला. मग पंधराऐवजी दोनच मंडळ्यांना लिहावं लागतं.

मी तसंच दुसऱ्यांदा लिहिलं. परवा एका मंडळीच्या खजिनदार बाईंचं उत्तर आलं. त्यांच्याकडे बाप्तिस्म्याची एक वही आहे, १८९१ पासूनची, पहिली काही पानं फाटलेली. फोटो काढून पाठवायला त्यांचा हात थरथरतो, येऊनच पाहा म्हणाल्या. सुट्टीत सून गाडी चालवणार आहे. जाताना क्लेमवरून जाऊ, ईशान्य कोपरा मी काढून ठेवलाय.