७.२ किलोवॅटची साडेसाती : घरचा चार्जर, आठ महिन्यांनंतर

विजेवरच्या गाडीचे गुण इथे लिहीत नाही, ते सगळ्यांना पाठ आहेत. लिहायचंय ते तिच्याबरोबर आलेल्या ७.२ किलोवॅटच्या भिंतीवरच्या चार्जरबद्दल. खरं तर वीजबिलातल्या 'स्थिर आकार' या एका ओळीबद्दल, म्हणजे वीज वापरा न वापरा, दर महिन्याला भरावीच लागणारी रक्कम.

पाडव्याला गाडी आली. दोन दिवसांनी चार्जर बसवणारी पोरं आली. सहा स्क्वेअर मिलिमीटरची जाड वायर ओढली, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) लावला, अर्थिंगचा खड्डा केला, चहा घेतला आणि एका कागदावर माझी सही घेऊन गेली. 'मंजूर भार पुरेसा आहे' असं त्यात छापलं होतं म्हणे. मंजूर भार म्हणजे घराने एका वेळी किती वीज ओढायची याची वीज कंपनीकडची मर्यादा. माझा २ किलोवॅट. दर बिलावर असतो. एकवीस वर्षांत तिकडे नजर गेली नव्हती.

पहिला महिना झकास. तेव्हा लिहिलं असतं तर पाचपैकी पाच दिले असते. मग वैशाख लागला. रात्री साडेअकराला वर एसी, खाली गाडी ३२ अँपिअर ओढतेय, आणि मीटरच्या पेटीतून जळका वास. कटआउट (मीटरजवळचा फ्यूज) काळा पडलेला, खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस वायरचं आवरण मऊ होऊन त्याला चिकटलेलं. मेन स्विच पाडला, पण त्याचा उपयोग मीटरच्या अलीकडे. खांबापासून मीटरपर्यंतचा भाग जिवंतच राहतो. पाऊण तास टॉर्च धरून उभा. लाइनमन खांबावर चढला, वायर सोडवली, खाली येऊन म्हणाला, "काका, दोनच्या लाइनीवर सात? आधी एक अर्ज टाकायचा होता."

मग टाकला भार वाढवायचा अर्ज. लायसन्सवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, ऑनलाइन फॉर्म, पाहणी, कोटेशन. पैसे भरले तरी मीटर येईना. "साहेब साइटवर आहेत" हे चार खेपांना ऐकलं. पाचव्या खेपेला डबा घेऊन गेलो आणि तिथल्याच बाकावर जेवलो. पुढच्या आठवड्यात मीटर लागला : थ्री फेज (खांबावरून एकाऐवजी तीन जिवंत तारा), १० किलोवॅट. चार्जरवाल्यानेच फोनवर छातीठोक सांगितलं होतं, "सात आहे म्हणजे थ्री फेजच लागणार."

मीटरबरोबर आलेल्या ज्युनिअर इंजिनिअरने चार्जरवरची पट्टी वाचली आणि हसला. चार्जर सिंगल फेजचा! दहा किलोवॅट तीन फेजांत वाटले की एकाच्या वाट्याला साडेतीनही येत नाहीत, आणि हा पठ्ठ्या एकाच फेजवरून सात ओढणार. "सोळा अँपिअरवर आणा, आणि त्या फेजवर दुसरं जड काही ठेवू नका," म्हणाला.

आणला. सोळावर साधारण ३.७ किलोवॅट मिळतात. मी रोज चाळीस किलोमीटर फिरतो, त्याला सहा-सात युनिटं. दोन तासांत काम खलास! म्हणजे एवढा चार्जर नको होता, एवढा भारही नको होता. सिंगल फेजवरच भार पाच-सहापर्यंत वाढवून भागलं असतं. आता थ्री फेजचा चढा स्थिर आकार भरतोय. गणपतीत नऊ दिवस घराला कुलूप होतं, त्याचेही भरले. (युनिटं ३०० च्या वरच्या स्लॅबात गेली त्याचं काही नाही, पेट्रोलपेक्षा स्वस्तच पडतं. वापरलेल्याचे पैसे द्यायला मी कधी कुरकुरत नाही.)

चार्जर म्हणून यंत्र गुणाचं आहे, तेवढं कबूल. मे अखेरीस तो लाल दिवा दाखवून अडून बसला, अर्थिंग मिळेना. मी कंपनीला फोन लावून बसलो होतो. हिने अर्थिंगच्या कोरड्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतलं, दिवा हिरवा. तेव्हापासून उन्हाळाभर तुळशीनंतर खड्ड्याचा नंबर. ऑगस्टमध्ये एक फेज गेला तेव्हा फ्रीज, देवघर, हॉल सगळं अंधारात आणि गाडी मात्र आरामात चार्ज होत होती. शेजारी बघून गेले.

आजच्या घडीला पाचपैकी साडेतीन. अर्धा गुण त्या लाइनमनचा आहे.

परवा ऑफिसात विचारून आलो, पुन्हा सिंगल फेज करून मिळेल का. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, अर्ज करा, टेस्ट रिपोर्ट जोडा, मग बघू. घरी येऊन सांगितलं तर ही म्हणाली, "डबा किती दिवसांचा देऊ?"