गच्ची, केळीची बाग की तोरणमाळ: घडीची खाट कोणती घ्यावी?

वैशाखात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बिछाने गच्चीवर येतात. रात्रीच्या विजेवर केळीला पाणी देणाऱ्याला बांधावर पाठ टेकायला जागा हवी असते. सातपुड्यात तोरणमाळच्या थंड हवेला तंबू ठोकणाऱ्याची गरज मात्र वेगळी. म्हणून खाट घेताना किमतीआधी एक ठरवा: ती कशावर लादून न्यायची आहे?

रोज एकाच जागी किंवा ट्रॅक्टरवर न्यायची असेल, तर लोखंडी पाइपाची नवारीची खाट घ्या. साधारण दीड ते तीन हजारांत मिळते, वजन १०-१५ किलो. पाइपाचा गेज विचाराच. आकडा जितका लहान तितकं लोखंड जाड: १८ गेज सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज जेमतेम ०.९. अंगानं भारी माणसानं २० गेज घेऊ नये, ती बिजागरीपाशी वाकते. वेल्डिंगवर बोट फिरवून पाहा. खरबरीत कडेवर नवार घासून तुटते. नवार सैल पडते, पण घरीच ताणता येते, बदलताही येते. कमी पैशांत टिकाऊपणा हवा असेल, तर आमची पसंती हिलाच.

गाडीच्या डिकीत मावायला हवी, तर फुलीच्या पायांची कापडी खाट. अ‍ॅल्युमिनियमची ५ ते ८ किलो भरते. स्टीलची स्वस्त, पण जड. किंमत तीन ते सहा हजारांच्या आसपास. पायांच्या तीन जोड्या हव्यात आणि कापड ६०० डेनिअरचं (डेनिअर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप). ती बिघडते दोन ठिकाणी: प्लास्टिकच्या सांध्यात आणि दांडी घालायच्या खोळीच्या शिवणीत, म्हणून तिथे दुहेरी शिवण बघा. नव्या खाटेची शेवटची आडवी दांडी हातानं बसत नाही. एक टोक अडकवा, दुसरं पायानं रेटा. काही रात्रींत कापड सैलावतं. दिवसभर उन्हात सोडलीत तर पॉलिस्टर कुजतं.

पाठीवरच्या सॅकसाठी दोन-तीन किलोची बुटकी खाट आहे. तंबूत छान बसते, पण महाग आणि जमिनीपासून वीतभरच उंच. विंचवाच्या भीतीनं खाट घेणाऱ्यानं शेतासाठी ही घेऊ नये.

चिठ्ठीवरचं १५०-२०० किलो वजन अंगभर पसरलेल्या भाराचं असतं. दुकानात काठावर बसून पाहा. तेव्हा सगळा भार एका दांडीवर येतो, आणि खाट तिथेच करकरते किंवा उलटते. लांबी बहुधा १८५-१९० सेंटिमीटर असते. पावणेसहा फुटांपेक्षा उंच असाल, तर दुकानातच आडवे व्हा, डोकं दांडीला लागतं का ते कळेल.

काळ्या मातीत ओल असली की पाय रुततात, फ्रेम पिळवटते आणि सांधा तडकतो. प्रत्येक पायाखाली फरशीचा तुकडा ठेवा. पौषात तोरणमाळला थंडी खालून लागते, कारण खाटेखालून वारा वाहतो. जास्तीची गोधडी अंगावर न घेता अंगाखाली दुहेरी अंथरा.