मोठ्या संख्येची कुंडली मांडायला पारी/जीपी

वीस-पंचवीस अंकी संख्या मूळ आहे का, तिचे विभाजक किती, ती न्यून की विपुल (विभाजकांची बेरीज संख्येच्या दुपटीहून कमी की जास्त), हे सगळं एकाच जागी तपासायचं असेल तर पारी/जीपी घ्या. फ्रान्समधल्या बोर्दो इथे तयार झालेलं हे सॉफ्टवेअर मोफत आहे. पडदा अगदी साधा असतो, बटणं नाहीत, सगळं टाइप करायचं. पण आकडेमोड चोख.

१२३४५६७८९८७६५४३२१ ही संख्या घ्या. ‘फॅक्टर’ आज्ञा दिली की दोन रकाने येतात. डावीकडे मूळ अवयव ३, ३७, ३३३६६७ आणि उजवीकडे घातांक ४, २, २. प्रत्येक घातांकात एक मिळवून गुणाकार केला की ५ × ३ × ३ = ४५ विभाजक. घातांक सगळे सम, म्हणजे पूर्ण वर्ग (१११११११११ चा). सर्व विभाजकांची बेरीज संख्येच्या साधारण १.५४ पट भरते, दुपटीला पोचत नाही, म्हणून न्यून. अंकांची बेरीज ८१ आणि ८१ ने नि:शेष भाग जातो, त्यामुळे गणितज्ञ कापरेकरांची हर्षद संख्यासुद्धा! हर्षदसाठी तयार आज्ञा नाही, पण ‘समडिजिट्स’ने (अंकांची बेरीज देणारी आज्ञा) भागून बाकी बघणं एका ओळीत होतं.

मुख्य चूक होते ती पुन:पुन्हा अवयव पाडण्यात. विभाजकांची संख्या, त्यांची बेरीज, ऑयलरचं फाय (संख्येशी १ सोडून सामाईक विभाजक नसलेल्या, तिच्याहून लहान संख्या किती), यातली प्रत्येक आज्ञा आतून अवयव पाडते. संख्या मोठी असेल तर अवयव एकदाच काढून चलात ठेवा आणि पुढच्या आज्ञांना संख्येऐवजी ते रकानेच द्या. उत्तर लगेच येतं.

दुसरी गोष्ट नीट समजून घ्यावी अशी. ‘इजस्यूडोप्राइम’ ही झटपट चाचणी आहे. २ च्या ६४ व्या घातापर्यंत ती बिनचूक ठरली आहे, त्यापुढे ती सिद्धता नव्हे. सिद्धता हवी तर ‘इजप्राइम’. ‘फॅक्टर’चे मोठे अवयवही मुळात झटपट चाचणीवरच मूळ मानलेले असतात, ‘फॅक्टर_प्रूव्हन’ हे सेटिंग १ केलं की तेही सिद्ध करून मिळतात.

संख्या १ई२० अशी लिहू नका, ती पूर्णांक न राहता दशांश होते आणि आज्ञा अडते, १०^२० लिहा. स्टॅक (कामासाठीची मेमरी) भरल्याची तक्रार आली तर ‘पारीसाइजमॅक्स’ हे सेटिंग वाढवा.

२^६७ − १ चे अवयव गणितज्ञ फ्रँक कोल यांनी १९०३ साली मांडले होते: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. इथे ते क्षणात मिळतात. मात्र शंभराच्या पुढे अंक आणि दोनच मोठे मूळ अवयव असतील तर हे हत्यार अपुरं, कारण यात नंबर फील्ड सीव्ह (फार मोठ्या संख्यांचे अवयव पाडायची पद्धत) नाही. त्यासाठी ती पद्धत असलेलं कॅडो-एनएफएस हे सॉफ्टवेअर वापरा आणि मिळालेले अवयव ‘अ‍ॅडप्राइम्स’ने पारीला सांगा. वर्गीकरणाचं बाकीचं काम मग इथेच होतं.