वूझेनमधलं माओ दुन यांचं घर: टूरने नका जाऊ, निवांत जा

शांघायहून बसने दोनेक तासांवर वूझेन आहे, कालवे, दगडी पूल, लाकडी घरं आणि गर्दी म्हणाल तर जत्राच. बहुतेक जण फोटोसाठी येतात, मी मात्र चिनी कादंबरीकार माओ दुन यांच्या घरासाठीच गेले होते. आमच्या टूरवाल्यांनी (नाव नाही घेत) तिथे जेमतेम वीस मिनिटं दिली, मग मी सरळ ग्रुप सोडला आणि दुपारपर्यंत तिथेच रमले.

घर दुमजली, रस्त्याला लागून, तसं साधंच. १८९६ मध्ये इथेच जन्म, मूळ नाव शेन दहोंग, वडील लवकर गेले, आईनेच घडवलं. शेजारीच शाळा. पण मन अडकतं ते मागच्या अंगाला. तिथे तीन बैठ्या खोल्या आहेत, 'मध्यरात्र' कादंबरीच्या मानधनातून त्यांनी बांधून घेतलेल्या. ती कादंबरी शांघायच्या शेअर बाजारात बुडणाऱ्या रेशीम कारखानदाराची, १९३३ ची. आणि हा सगळा मुलूखच रेशमाचा! त्यांच्या 'वसंतातले रेशीमकिडे' कथेतला म्हातारा आख्खं घर राबवून, उपाशीतापाशी किडे वाढवतो, कोष भरघोस येतात आणि नेमक्या गिरण्या बंद, म्हणजे पीक बंपर आणि डोक्यावर कर्ज आधीपेक्षा जास्त. ही कथा वाचूनच जा, प्लीज, नाहीतर खोल्या नुसत्या खोल्या वाटतील.

१९२१ मध्ये चीनचा कम्युनिस्ट पक्ष निघाला तेव्हाच्या पहिल्या मेंबरांपैकी ते एक. १९२७ मध्ये राष्ट्रवादी पक्षाने कम्युनिस्टांची कत्तल केली, त्यानंतर ते लपून लिहायला लागले आणि टोपणनाव घेतलं 'माओदुन', म्हणजे अंतर्विरोध. संपादक ये शेंगथाओंना ते फारच उघड वाटलं, त्यांनी पहिल्या चिनी अक्षराच्या डोक्यावर 'गवत' या अर्थाची खूण चढवली, झालं साधं आडनाव! पक्षाशी संबंध तुटला तो तुटलाच. पुढे १९४९ पासून पंधरा वर्षं सांस्कृतिक मंत्री होते, तरी पक्षाबाहेरच. मार्च १९८१ मध्ये अंथरुणाला खिळलेले असताना पत्र पाठवलं, मला परत पक्षात घ्या, आणि त्याच वेळी कादंबरी पुरस्कारासाठी अडीच लाख युआन दिले. २७ तारखेला गेले, ३१ ला मेंबरशिप परत मिळाली, १९२१ पासून धरून. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं.

माझ्याकडून पाचपैकी पाच. सकाळी लवकर जा, टूरच्या बसेस यायच्या आत, आणि समोरच 'लिन यांचं दुकान' आहे, त्यांच्या कथेतलं, तेही बघा.