अक्षरामागे वीस रुपये

कोथरूडला मी तेरा-चौदा वर्षांच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. यंदा त्यांच्या जर्सी शनिपाराजवळच्या एका बोळातल्या काकांकडून करून घेतल्या. कापड चांगलं आहे, जाळीदार पॉलिएस्टर. घाम धरत नाही, रंगही सोडत नाही. शिलाई ठीकठाक.

खरी गंमत पाठीवरच्या नावांची. पोरांना तिथे आवडत्या खेळाडूचं नाव हवं असतं. काका अक्षरामागे वीस रुपये घेतात. जॉर्डन, ब्रायंट, जेम्स या अमेरिकन खेळाडूंच्या जमान्यात इंग्रजी पाच-सहा अक्षरांत काम भागायचं. आमच्या पोरांची यादी वाचून काकांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग कॅल्क्युलेटरकडे. आंतेतोकुंपो तेरा अक्षरं, 260 रुपये. गिल्जस-अलेक्झांडर सतरा, 340. मधल्या आडव्या रेघेचे पैसे घेतले नाहीत, हे नमूद करतो.

पोरं तरी काय करणार? 2019 ते 2025 या काळात एनबीएचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा, एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) एकदाही अमेरिकेत जन्मलेला नव्हता. ग्रीस, सर्बिया, कॅमेरून, कॅनडा, सगळे बाहेरचे. 2023 आणि 2024 च्या ड्राफ्टमध्ये (यात संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात) पहिला नंबर फ्रेंच पोरांचा. सर्बियाचा योकिच तर 2014 साली एकेचाळिसाव्या नंबरवर निवडला गेला होता आणि पुढे तीनदा एमव्हीपी झाला. युरोपातले क्लब मुलाला लहानपणीच उचलतात आणि तयार झाला की मोठ्या माणसांच्या संघात उतरवतात. अमेरिकेत पोचेपर्यंत तो व्यावसायिक खेळून मुरलेला असतो. डॉन्चिच तेराव्या वर्षी स्लोव्हेनियातलं घर सोडून रेआल माद्रिदला गेला. हे मी एकदा सरावात सांगितलं आणि आमच्या एका पोराने घरी होस्टेलचा विषय काढला. त्याच्या आईचा फोन मला आला, डॉन्चिचला नाही.

त्याच डॉन्चिचच्या नावावर दोन फराटे असतात. काकांच्या फॉन्टमध्ये ते नव्हते, तर त्यांनी ब्लेडने कापून हाताने चिकटवले. फुकट. या एका गोष्टीसाठी मी पुन्हा तिथेच जाईन.

तक्रार एकच, पण पैशाची आहे. व्हिनाइलमध्ये (प्लास्टिकची पातळ शीट) प्रत्येक अक्षर कापायचं, सोलायचं, गरम प्रेसखाली दाबायचं, म्हणून अक्षरावर दर समजू शकतो. सब्लिमेशनमध्ये सगळं डिझाइन कागदावर एकदम छापून कापडात उतरवतात. तिथे तीन अक्षरं काय नि तेरा काय, मेहनत तेवढीच. काकांकडे दोन्ही मशिनं आहेत, दर मात्र एकच. विचारलं तर म्हणाले, "मग छोट्या नावाचा प्लेअर आवडून घ्यायला सांगा की मुलांना."

सब्लिमेशनच घ्या, ते भेगाळत नाही. फिकट रंगाच्या जर्सीवरच उठून दिसतं, तेव्हा काळ्याचा हट्ट सोडा. तीसच्या मापावर सतरा अक्षरं काखेपर्यंत जातात, आधी कागदावर नमुना मागा. आगाऊ रक्कम अर्धी, स्पर्धांच्या मोसमात दिलेल्या तारखेपेक्षा दोन दिवस जास्त धरून चला.