पंचवीस हजार आरपीएम, पण किती व्होल्टवर?

नागपुरात स्लॉट कार, म्हणजे ट्रॅकमधल्या खाचेतून विजेवर पळणाऱ्या छोट्या गाड्या, मनापासून चालवणारे आम्ही मोजून सहा-सात जण. त्रिमूर्तीनगरात आमच्यातल्या एका काकांच्या गच्चीवरच्या खोलीत चार लेनचा लाकडी ट्रॅक आहे, त्यावर १/३२ मापाच्या गाड्या पळतात. पार्ट इथे मिळत नाहीत, बाहेरून मागवावे तर कुरिअर आणि कस्टम धरून मोटर नको इतकी महाग पडते. या अडचणीवरच एका माणसाने धंदा मांडलाय. माझे ९,२०० रुपये त्यात गेले. तो अजून विकतोच आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहितोय.

एप्रिलच्या शेवटी ओळखीतून त्याचा नंबर मिळाला. फोनवर म्हणाला, "भाऊ, रेसिंगची मोटर आहे, पंचवीस हजार आरपीएम. तुमच्या गाडीत काय आहे? अठरा हजार? मग पाहून घ्या फरक." आमच्या गाड्यांतली कंपनीची मोटर १२ व्होल्टला मिनिटाला साधारण १८,००० फेरे (म्हणजेच आरपीएम) घेते हे त्याला बरोबर ठाऊक होतं, त्यामुळे माणूस जाणकार वाटला. बर्डीला एका चहाच्या टपरीवर भेटलो. चार मोटरी प्रत्येकी १,७०० ला आणि पिनियन (मोटरच्या शाफ्टवरचं छोटं दातेरी चाक) आणि गिअरचे चार सेट प्रत्येकी ६०० ला. मोटरी साध्या प्लास्टिकच्या पुडीत होत्या. डबी कुठे आहे विचारलं, तर म्हणे ड्युटी वाचवायला डब्या तिकडेच काढून टाकतात. बिलाचंही तेच कारण. पैसे मी तिथेच यूपीआयने दिले.

पैसे देण्याआधी त्याने मोटर चालवून दाखवली होती, आणि खरी मेख तिथेच आहे. खिशातून नऊ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी काढली, दोन वायरी लावल्या, मोटर भिंगरीसारखी किंचाळली. तीन-चार सेकंदांत वायर काढून मोटर माझ्या हातात ठेवली. गार होती. "नऊवर हे, बारावर विचार करा!" ही बॅटरी जास्त करंट देऊच शकत नाही. एखादा पार्ट एक-दोन अँपिअर ओढायला लागला की तिचा व्होल्टेज धपकन निम्म्यावर येतो. म्हणजे त्या मोटरला नऊ व्होल्ट मिळालेच नव्हते. त्या वेळी बॅटरीवर मीटर लावला असता तर सगळं तिथेच उघड झालं असतं. माझा मीटर घरी होता.

रविवारी संध्याकाळी पहिली मोटर बसवली. थ्रॉटल दाबताच गाडी बाणासारखी सुटली आणि पहिल्याच वळणावर बाहेर. पुन्हा लावली. आता पुतण्या बाजूच्या लेनवर होता, तो ओरडला, "काका, तुम्ही दाबलं का माझी गाडी मरून राहिली!" पॉवर सप्लायकडे पाहिलं तर अँपिअरचा काटा चारच्या वर. एरवी दोन गाड्या मिळून तो दीडच्या पुढे जात नाही. चौथ्या फेरीला जळक्या वार्निशचा वास आला आणि गाडी सरळ पट्ट्यावरच थांबली. मोटर काढायला गेलो तर बोट भाजलं, आणि तिला धरणारं चेसिसचं प्लास्टिक मऊ होऊन वाकलं होतं. ते चेसिस आता बाद आहे.

त्याला फोन केला. म्हणाला, "मे महिना लागून राहिला भाऊ, पंचेचाळीसमध्ये कोणती मोटर टिकेल?" नागपूरच्या माणसाला हे पटकन पटतं, मलाही घटकाभर पटलं. पण त्याच खोलीत, त्याच गरमीत बाकीच्या गाड्या तासभर पळत होत्या. दुसरी मोटर दहा व्होल्टवर लावली, ती सहा फेऱ्या टिकली.

रात्री जळालेली मोटर उघडली. मागच्या टोपणाच्या दोन पाकळ्या चिमट्याने सरळ केल्या की ती निघते. चांगल्या स्लॉट मोटरमध्ये कॉम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागाला करंट पोचवणाऱ्या तांब्याच्या कड्यावर, कार्बनचे दोन छोटे ठोकळे (ब्रश) दाबून बसलेले असतात. इथे कार्बनचा पत्ताच नव्हता. केसासारख्या पातळ पत्र्याचे दोन वाकडे हात होते, एकाचं टोक वितळून गोळी झालेलं. कॉम्युटेटर काळाठिक्कर, वाइंडिंगचा, म्हणजे आत गुंडाळलेल्या तारेचा, तांबूस रंग जाऊन कॉफीसारखा झालेला. तार जाड होती आणि वेढे थोडे. मग बाहेरचं "२५०००" लिहिलेलं चमकदार स्टिकर नखाने सोललं. खाली कोरा पत्रा.

ही मोटर मी ओळखतो. शाळेच्या प्रोजेक्टसाठी, छोट्या पंख्यासाठी मुलं बर्डीतल्या मोदी नंबरच्या गल्ल्यांतून आणतात ती. तीस-चाळीस रुपयांना मिळते. १३० साइजची, दोन्ही बाजूंनी चपटी, शाफ्ट २ मिलिमीटरचा, म्हणजे बाहेरून तंतोतंत स्लॉट कारची मोटर. माबुची या जपानी मोटर कंपनीच्या नावपद्धतीत एफए-१३० म्हणजे पत्र्याच्या ब्रशची आणि एफसी-१३० म्हणजे कार्बन ब्रशची. पहिली दीड ते तीन व्होल्टसाठी असते, पेन्सिल सेलवर चालणारी. तिला १२ व्होल्ट दिले की ती दोन मिनिटं वेड्यासारखी फिरते आणि जळते. ते वेड्यासारखं फिरणं दाखवूनच हा माणूस पैसे घेतो.

उरलेल्या दोन मोटरी आणि गाडीतली जुनी मोटर मल्टिमीटरवर ओहममध्ये मोजल्या. दोन्ही टोकांना प्रोब लावायचे, शाफ्ट थोडा थोडा फिरवत चार-पाच वेळा वाचायचं, आणि प्रोब एकमेकांना टेकवून येणारा आकडा वजा करायचा. जुनी मोटर पाच ओहमच्या आसपास. त्याच्या दोन्ही एक ओहमच्याही खाली. ओहम जितके कमी, तितका मोटर करंट जास्त ओढते. १२ व्होल्टवर धावायची मोटर इतकी कमी दाखवत असेल तर मी पैसे देणार नाही. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, टपरीवर उभ्या उभ्या होतं.

त्याला एकच प्रश्न विचारायला हवा होता: हे पंचवीस हजार किती व्होल्टवर? डीसी मोटरचे मोकळे फेरे जवळपास व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात. १८ व्होल्टवर २५,००० घेणारी मोटर १२ व्होल्टवर १६,७०० च्या जवळपास येते, म्हणजे कंपनीच्या मोटरीपेक्षाही हळू. प्रामाणिक उत्पादक आरपीएमसोबत व्होल्टेज छापतो आणि टॉर्कही देतो, ग्रॅम-सेंटिमीटरमध्ये. ज्या मोटरीवर नुसते फेरे लिहिलेत तिच्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही असं मी आता धरतो.

गिअरची फसवणूक मला जास्त लागली, कारण ती उशिरा कळली. माझ्या गाडीत मोटर आडवी बसते, पिनियन ११ दात्यांचं आणि अॅक्सलवरचं (चाकांच्या दांड्यावरचं) गिअर ३६ चं, म्हणजे ३.२७ चं गुणोत्तर. त्याने दिलं १२ आणि ३३, म्हणजे २.७५, "टॉप स्पीड वाढेल" म्हणून. टॉप स्पीड आमच्या ट्रॅकवर लागतंच कुठे? हिशेब करून पाहा. १८,००० भागिले ३.२७ म्हणजे चाकाचे मिनिटाला ५,५०० फेरे. टायर २० मिलिमीटरचा, घेर ६३ मिलिमीटर. सेकंदाला पावणेसहा मीटर झाले. आमचा सगळ्यात लांब सरळ पट्टा अडीच मीटरचा! गाडी तिथे पूर्ण वेगाला पोचायच्या आत ब्रेक मारावा लागतो. अशा ट्रॅकवर वळणातून चटकन उठणारी आणि बोट सोडताच थांबणारी गाडी जिंकते, आणि ते मोठ्या गुणोत्तराने होतं. काकांनी नुसतं ११ चं पिनियन काढून त्याच व्यासाचं १० चं लावलं, ३.६ केलं, मोटर कंपनीचीच ठेवली, आणि आज त्यांची गाडी आम्हा सगळ्यांत पुढे आहे.

पुन्हा ते १२-३३ बसतच नव्हतं. मॉड्यूल (दात्यांच्या आकाराचं माप) ०.५ धरलं तर ११ आणि ३६ ची केंद्रं ११.७५ मिलिमीटर अंतरावर येतात, १२ आणि ३३ ची ११.२५ वर. मोटर चेसिसमध्ये पक्की, ती अर्धा मिलिमीटर सरकणार कशी? दाते टोकाटोकाने लागत होते. चांगल्या कंपन्या आडव्या मोटरीसाठी दाते बदलले तरी गिअरचा व्यास सांभाळतात, हे सेट मुळात दुसऱ्याच खेळण्यांचे होते. अॅक्सल २.३८ मिलिमीटरचा असतो, याने २ मिलिमीटरचं भोक हाताने ड्रिल करून मोठं केलं होतं, तेही मध्यावर नाही. अॅक्सल दोन बोटांत धरून हळू फिरवला तर प्रत्येक फेऱ्यात एका जागी अडकायचा आणि समोरच्या जागी खडखडायचा. गिअर घेताना हे एवढं तरी नक्की करून पाहा.

आठ दिवसांनी त्याने माझा नंबर ब्लॉक केला. यूपीआयची पावती आणि चॅट माझ्याकडे आहेत, पण बिल नाही आणि त्याचा पत्ताही नाही. ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, आणि ऑनलाइन पैशाच्या फसवणुकीसाठी १९३०. पैसे पुढे सरकायच्या आत, जमलं तर त्याच दिवशी फोन करा. मी मोटरी तपासण्यात, त्याच्याशी वाद घालण्यात पंधरा दिवस घालवले.

मागच्या आठवड्यात वर्धमाननगरच्या एका मुलाचा फोन आला, बारावीतला असेल. त्याला हीच मोटर २,००० ला सांगितली होती आणि तो आईकडून पैसे घेऊन बसला होता. त्याला म्हटलं, व्होल्टेज विचार आणि मीटर घेऊन जा. संध्याकाळी त्याचाच मेसेज आला: "दादा, मीटर आणतो म्हटलं तर भेटायलाच नाही म्हणून राहिला."

उघडलेली मोटर, सोललेलं स्टिकर आणि ते गिअर मी एका डबीत ठेवलेत. नागपुरात कोणी अशी मोटर घेतली असेल किंवा घेणार असेल, तर रविवारी संध्याकाळी ट्रॅकवर घेऊन या. मीटर आता माझ्याजवळच असतो, शेजारी ठेवून मोजून पाहू.